मूळ सिनेमा बापूंनी पाहिला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

इथे कुवेतच्या मराठी मंडळात मला जपानी सिनेमाचा जाणकार समजतात. एका जपानी सिनेमाचा हॉलिवूडने रिमेक केला, त्यावर मी मंडळात बोललो, तेव्हापासून. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पण खरं सांगायचं तर मी फक्त रिमेक पाहिला होता.

मूळ सिनेमा पाहिला होता बापूंनी. इथल्या खैतान भागातल्या खोलीतले माझे रूममेट, मालवणकडचे, एसीचे डक्ट बसवणारे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन — म्हणून स्वतःला जरा शहाणा समजायचो. सुट्टीच्या शुक्रवारी बापू मोबाइलवर तो सिनेमा लावायचे. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तरी पाहायचे; मी कधी डोकावलोही नाही. रिमेकमध्ये मुलगा गेल्याची बातमी येते तेव्हा आई हंबरडा फोडते, व्हायोलिनं वाजतात. मूळ सिनेमात, बापूंनी सांगितलं, ती भाताचं करपलेलं भांडं घासत राहते. बस्, एवढंच. बापू मला म्हणाले, "ती रडणा नाय, म्हणान आपणाक रडू येता." त्यांची आई गेली तेव्हा ते इथेच, कुणाच्या तरी छतात डक्ट बसवत होते. काम संपवूनच खाली उतरले होते.

ते वाक्य मी भाषणात घातलं. शुद्ध मराठीत, माझं म्हणून. भांडंही घातलं. बापू मागे चहाच्या थर्मासपाशी उभे होते. ऐकून हसले — खुशीत! चिडले असते तर मी थांबलो असतो का? कोण जाणे.

मग एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मूळ सिनेमात त्यानंतर काय होतं? मला कुठलं माहीत! मी अडलोय हे बापूंनी ओळखलं. मदतीला पुढे आले, म्हणाले, "मी सांगतंय..." आणि मी माइकवरून बोललो — शी, लिहितानाही लाज वाटते —

"बापू, तुम्ही चहाचं बघा. हे डक्ट बसवण्याइतकं सोपं नाही."

सगळे हसले. बापू मागे गेले. माझा बिनसाखरेचा कप त्यांनी आठवणीने वेगळा ठेवला होता.

पुढे कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते गावी गेले. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. खोलीत तो सिनेमाही पुन्हा कधी लागला नाही.

रिमेकवालेसुद्धा सुरुवातीला मूळ सिनेमाचं नाव दाखवतात. त्या हॉलमध्ये मी बापूंचं नाव एकदाच घेतलं, ते त्यांना चहाकडे हाकलायला.