दीडपट गोल

शांभवीबाईंची सगळी नोकरी भाताची तुलना करण्यात गेली. कावेरीच्या कालव्यांवर गावोगाव जायचं, नव्या वाणाच्या पिकाचा एक तुकडा कापायचा, झोडपून वजन करायचं आणि कुठला वाण खरंच सरस ते ठरवायचं, हे त्यांचं कृषिखात्यातलं काम. निवृत्तीनंतर त्या तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत एकट्याच राहत. फुटबॉल त्यांच्या घरात आला तो धाकट्या भावाबरोबर. तिरुच्चीच्या बँकेतून निवृत्त झालेला श्रीकर गुडघ्याचं ऑपरेशन करून त्यांच्याकडे राहायला आला. पाय उशीवर टाकून तो दिवाणावर पडलेला असे, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळ झाली की टीव्हीवर युरोपातले सामने सुरू होत.

शांभवीबाई समोर बसून शेंगा सोलत. त्यांचं लक्ष नसे, पण कान असत.

ऑगस्टमध्ये श्रीकरच्या लाडक्या इंग्लिश क्लबाने नेदरलंड्समधून एक डावखुरा स्ट्रायकर घेतला. आदल्या मोसमात तिथे सगळ्यांत जास्त गोल त्याचे होते, एकतीस. इंग्लंडमधला अव्वल सत्तावीसवरच थांबलेला. श्रीकर हरखून गेला. आता आपला क्लब कुणाला ऐकत नाही, असं तो फोनवर मित्रांना सांगत सुटला.

"एकतीस खरे, पण कुठल्या शेतातले?" शांभवीबाईंनी विचारलं.

प्रश्न त्यांच्या तोंडात बसलेला होता. तालुक्यातलं जास्तीत जास्त पिकाचं बक्षीस नेहमी कालव्याच्या मुखाजवळच्या गावांना मिळे. शेपटाकडच्या गावांत पाणी उशिरा पोचे, जमीन खारी, तिथला शेतकरी कितीही राबला तरी त्याचा आकडा मागेच राही. कोण जास्त चांगला शेतकरी, हे त्या आकड्यांवरून कधीच कळत नसे.

श्रीकरने समजावून सांगितलं. सगळ्या लीग सारख्या तगड्या नसतात हे तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे. म्हणून युरोपातला सर्वाधिक गोल करणारा ठरवताना बड्या पाच लीगांमधला गोल दुप्पट धरतात, त्यांच्या खालच्यांमधला दीडपट, आणि बाकीच्यांमधला एकास एक. म्हणजे त्या डावखुऱ्याचे साडेशेहेचाळीस आणि इंग्लंडवाल्याचे चोपन्न.

शांभवीबाईंचा हात थांबला. "हा दीड कोणी मोजला रे?"

"मज काय ठाऊक, अक्का. बसून ठरवला असेल."

हे उत्तर त्यांना रात्रभर पुरलं. दोन गावांची जमीन ताडून बघायची तर त्यांच्याकडे एकच रीत होती: एकच बी दोन्हीकडे पेरायचं. सकाळी काप्पीचा पेला श्रीकरच्या हाती देताना त्यांनी विचारलं, की आधी नेदरलंड्समध्ये आणि मग इंग्लंडमध्ये खेळलेले असे किती जण आहेत? बरेच निघाले. मग दोघं भावंडं कामालाच लागली. श्रीकर मोबाइलवर जुने मोसम शोधून काढी, शांभवीबाई आकडे मांडत. नुसते गोल नको, मैदानावर किती मिनिटं होता ते सांग, पेनल्टीचे बाजूला काढ, असा त्यांचा धोशा. बँकेतसुद्धा इतकं कुणी राबवलं नव्हतं, अशी श्रीकरची तक्रार होती, पण सोडवत त्यालाही नव्हतं.

आकडे एका ओळीत येईनात. कुणाचे गोल निम्म्यावर आले, कुणाचे जेमतेम घटले, एकाचे तर वाढले. त्यातच शांभवीबाईंच्या लक्षात आलं की ही चाचणीच तिरकी आहे. इंग्लंडने नेले ते निवडक. जे मागे राहिले त्यांचं तिथे काय झालं असतं, हे कळायला मार्गच नाही. मग त्यांनी उलट दिशेने गेलेले शोधायला लावले. ते निघाले वय झालेले. तिथेही गोल कमी झाले, तर लीगमुळे की गुडघ्यामुळे, कोण सांगणार?

तरी एक आकडा सांगच, असा श्रीकरने आग्रह धरला, तेव्हा त्या म्हणाल्या की डावखुरा बारापर्यंत जाईल. श्रीकरचा अंदाज वीसचा होता.

पोंगल आला तेव्हा डावखुऱ्याचे चार गोल झाले होते आणि तो राखीव खेळाडूंत बसू लागला होता. श्रीकर खट्टू झाला. दोघांचेही अंदाज चुकले होते, पण शांभवीबाईंना आपलं चुकणं आवडलं; आपण काय मोजायचं विसरलो, ते आता शोधता येणार होतं. त्या आता शेंगा बाजूला ठेवून सामने बघू लागल्या. डावखुऱ्याचे जुने गोल लावायला सांगितले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि एका दुपारी म्हणाल्या, "तिकडे चेंडू त्याच्या पुढ्यात पडायचा, तो धावत जाऊन मारायचा. इथे त्याला गोलकडे पाठ करून उभा करतात. बी तेच आहे रे, पाणी देणारे बदलले."

श्रीकरने ते गोल पुन्हा लावले. बराच वेळ बघून तो म्हणाला, हे इतकी वर्षं मी बघितलंच नाही.

मोसम संपला तेव्हा डावखुऱ्याचे सात गोल होते. क्लबाने त्याला परत पाठवून दिलं आणि श्रीकरचा गुडघाही बरा झाला. शांभवीबाईंनी त्याला बसस्टँडवर पोचवलं. घर फार शांत वाटेल असं त्यांना वाटलं होतं. नव्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी त्यांनी स्वतःच टीव्ही लावला. समोरचा सामना कुठल्या देशातला ते नीट कळत नव्हतं. अर्धा सामना बघून त्यांनी तिरुच्चीला फोन लावला.

"श्रीकर, गोल करणाऱ्यांचं पाहिलं आपण," त्या म्हणाल्या. "हा गोलकीपर मघापासून सगळं अडवतोय. ह्याचं कसं मोजतात?"

पलीकडून श्रीकरने चॅनेलचा नंबर विचारला, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.