लाईनपट्टीतली पहिली भाकर

नंदुरबार स्टेशनच्या पलीकडे, रुळांना खेटून, रेल्वेच्या वीसेक खोल्यांची वस्ती होती. गाव तिला लाईनपट्टी म्हणायचं, तेही नाक मुरडून. मधे कपाशीची शेतं. गावात कुणाचं लग्न, कुणाचं मयत, याची पट्टीला खबर नसे, आणि गावाला तर पट्टीचं सोयरसुतकच नव्हतं.

पट्टीचा एक रिवाज मात्र गावाने शिकावा असा होता. बदलीवर नवं बिऱ्हाड उतरलं की त्या दिवशी त्याने चूल पेटवायची नाही. पेटवली तर तिथे पाय टिकत नाही म्हणत. ताट शेजारून यायचं, न सांगता. मागायचं तर मुळीच नाही. जसोदाबाई गँगमन हिलालची बायको म्हणून इथे आली, तेव्हा तिला पहिली भाकर दिली ती फायरमन कय्युमच्या अमिनाने. जात कुणी विचारली नाही. भुकेल्या माणसाला एवढी सवड कुठे असते!

पुढे हिलाल वारला. पोरबाळ नव्हतं. रेल्वेने तिला स्टेशनावर पाणी पाजायच्या कामाला लावलं, म्हणून खोली राहिली. मग उतरणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा तिच्याच घरून जाऊ लागला. त्या एका दिवसापुरती ती कुणाची तरी असे.

पण साठ साल उजाडलं आणि गाव पुढे सरकलं. कपाशीत प्लॉट पडले, जिनिंगची गोदामं आली, डांबरी सडक झाली. नवे रेल्वेवाले गावात भाड्याने राहू लागले, आणि पट्टीच्या रिकाम्या खोल्यांशेजारी गावातली माणसं घरं बांधू लागली. एकदा असंच सामान उतरताना पाहून जसोदाबाई सवयीने ताट घेऊन गेली. घर निघालं जिनिंगमधल्या मुनिमाचं. "कोनी सांगेल व्हतं?" मुनिमाच्या बायकोने विचारलं आणि ताट ठेवून घेतलं. सकाळी ती भाकर गायीपुढे दिसली. गाय सुखाने खात होती, तिचा काय दोष! जसोदाबाईला मात्र ते फार लागलं.

सदुसष्टात तिची नोकरी संपली आणि जुन्या खोल्याही पाडायचं ठरलं. अमिना कधीच भुसावळला गेलेली. जसोदाबाईने गावातल्या नव्या गल्लीत एक खोली घेतली. सामान म्हणजे पत्र्याची पेटी आणि चार भांडी. तिला घोर एकाच गोष्टीचा होता: तिथे आपल्याला ताट कोण देणार? आलं तर आपण या गल्लीच्या झालो, नाही तर नाही. असलं खूळ डोक्यात घेऊन म्हातारी निघाली.

दिवसभर ती उंबऱ्याशी बसून राहिली. घरात पीठ होतं, काडेपेटी होती, पण तिने चुलीला हात लावला नाही. बायका येता-जाता हसल्या, कुठल्या म्हणून विचारून गेल्या. दिवेलागणीला शेजारची सुगंधाबाई दारात आली.

"चुल्हा पेटाडा नही का, मावशी? उपास शे का?"

आता काय सांगावं? भूक लागली म्हटलं तर मागितल्यासारखं होतं, आणि मागून मिळालेली ती कसली पहिली भाकर!

"हाव, उपास शे," जसोदाबाई म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ द्या. तुमनासाठे दोन भाकरी टाकेल व्हत्यात मी."

सुगंधाबाई पदराखालचं ताट घेऊन माघारी वळली.