अत्तिलिओच्या मोज्यातलं बाळ

पर्लिता माग्सिनोच्या खोलीत खिडकीखाली बारा महिने एक खोका उघडा असायचा. इटलीत बोलोन्याला मालकीण सिन्योरा इनेसच्या घरी कामाला राहून तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात तो कोपरा मोकळा पडल्याचं कुणाला आठवत नाही. ऑक्टोबरात एक खोका बोटीने फिलिपिन्सला, तिच्या मबिनी गावी गेला, की लगेच दुसरा उभा. साबण, कॉफी, चॉकलेटं, टूथपेस्ट, सिन्योराच्या लेकीने टाकून दिलेले पण अजून दोन वर्षं सहज निघतील असे बूट. बोटवाले वजन बघत नाहीत, आकार बघतात. त्यामुळे खोक्यात नुसती हवा पाठवणं घरी खोके धाडणाऱ्या बायकांच्या जिवावर येतं. मगात साबण, बुटात मोजे, मोज्यात चॉकलेट. पर्लिताचा यात असा हातखंडा होता, की गुरुवारी दुपारच्या सुट्टीत मैत्रिणी आपले खोके तिच्याकडून भरून घ्यायच्या आणि ती भरताना त्यांना मनसोक्त बोलून घ्यायची. "हा डबा रिकामा पाठवणार होतीस? तुझ्या सासूला काय वास घ्यायला देणार आहेस?"

त्या ऑक्टोबरात सिन्योरा म्हणाली, "अत्तिलिओचे मोजे घेऊन जा सगळे. अकरा वर्षं झाली. त्याचे पाय काही आता परत यायचे नाहीत."

अत्तिलिओ म्हणजे सिन्योराचा नवरा. पर्लिता या घरात आली ती त्याचंच आजारपण काढायला, आणि तो गेल्यावर सिन्योरासाठी राहिली. तिने खण रिकामा केला, चांगले लोकरी मोजे गुंडाळी करून बुटांत कोंबले, खोका दोरीने आवळला आणि बोटीला दिला. काम झालं.

आठ डिसेंबरला दोघी नाताळच्या गव्हाणीचा देखावा मांडायला बसल्या. सिन्योराला आता अंधुकच दिसायचं. ती एकेक मातीची मूर्ती चाचपून "हा मेंढपाळ, ही धोबीण" असं सांगायची आणि पर्लिता ती शेवाळावर उभी करायची. बाळ येशू अर्थातच चोवीस तारखेपर्यंत बाहेर काढायचा नाही. सिन्योरा हसून म्हणाली, "त्याला झोपू दे अत्तिलिओच्या मोज्यात."

पर्लिताच्या हातातला बैल तसाच राहिला.

ते बाळ अत्तिलिओने स्वतःच्या हाताने घडवलं होतं, लेक लोरेदाना जन्मली त्या हिवाळ्यात. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा होता, आणि त्यावरून नवराबायको चाळीस वर्षं एकमेकांना चिडवत होते. दर जानेवारीत सिन्योरा ते एका मोज्यात घालून खणात ठेवायची, हे पर्लिताला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. आणि आता तिच्या बोटांना आठवत होतं, की ऑक्टोबरात एक गुंडाळी जरा कडक लागली होती. मोज्यात चॉकलेट घालायची सवय. आपणच कधीतरी घातलं असेल असं तिला वाटलं होतं.

खोका अजून समुद्रात होता की मनिलाच्या बंदरात, देव जाणे. बाळ फुटलं की शाबूत, तेही देव जाणे.

सिन्योराला सांगितलं असतं तर ती कदाचित रडली असती आणि गप्प बसली असती. पण लोरेदाना? पाच वर्षांपूर्वी पर्लिता गावी गेली तेव्हा बदलीवर एक मोल्दोव्हाची बाई आली होती. सोन्याची साखळी सापडेना म्हणून लोरेदानाने तिला आठव्या दिवशी घराबाहेर काढलं. साखळी पुढे सिन्योराच्याच कोटाच्या अस्तरात निघाली. त्या बिचारीला ना कुणी परत बोलावलं, ना तिची माफी मागितली. तेव्हापासून घरात बदलीची बाई आली नाही, आणि बदली नाही म्हणून पर्लिताही गावी गेली नाही. एकोणीस वर्षं ज्या घराच्या किल्ल्या आपल्या खिशात आहेत, तिथे आपण चोर ठरणार, या विचाराने तिला रात्री झोप लागेना.

गुरुवारी मेर्ली तिला चर्चच्या लांब कमानींखालच्या नाताळबाजारात घेऊन गेली. मेर्ली तिच्याच गावची, धाकटी, तिला 'आते' म्हणायची. आपण ताई म्हणतो तसं.

"आते, एवढी बाळं पडलीत इथे. एक उचल आणि मोज्यात घाल. म्हातारीला दिसतंय कुठे?"

"तिच्या बोटांना दिसतं."

"मग कान मोठा असलेलं शोधू."

दोघींनी खरंच दोन तास बाळांचे कान बघितले. दुकानदार वैतागला. शेवटी पर्लिताने त्यातल्या त्यात बरं एक घेतलं, आणि पुढचे दहा दिवस ते एप्रनच्या खिशात घेऊन घरभर वावरली. भांडी घासताना ते मांडीला लागायचं आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची.

चोवीस तारखेला दुपारी लोरेदाना आली. स्वयंपाकघरात उद्याच्या तोर्तेलिनी वळायचं काम सुरू झालं. लोरेदाना कणीक लाटत होती, सिन्योरा न बघता बोटांवर घड्या घालत होती, पर्लिता सारण भरत होती. नवाच्या पुढे सिन्योराला जाग राहत नाही, म्हणून बाळ हल्ली संध्याकाळीच ठेवायचे. साडेचारच्या सुमाराला ती म्हणाली, "पर्लिता, आण गं त्याला."

पर्लिताने खिशातून विकतचं बाळ काढलं आणि पिठाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे आपलं नाही, सिन्योरा. हे मी बाजारातून आणलंय. आपलं बाळ मोज्यासकट माझ्या खोक्यातून मबिनीला गेलं. मी बघितलं नाही. हे फसवायला आणलं होतं तुम्हाला, पण नाही होत माझ्याने."

लोरेदानाने लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे बाबांचं बाळ? आणि तू पंधरा दिवस गप्प?"

"सोळा," पर्लिता म्हणाली.

"मामा," लोरेदाना म्हणाली. तिकडे आईला मामा म्हणतात. "मी काय म्हणत होते तुला? घरातून वस्तू जातात आणि…"

"मोजे मीच दिले," सिन्योरा म्हणाली. "खण रिकामा कर म्हणून मीच सांगितलं. बाळ त्यात आहे हे मीही विसरले. आता मलाही काढतेस का घराबाहेर?"

लोरेदानाचा चेहरा उतरला, पण राग गेला नाही. तिघीही परत तोर्तेलिनी वळायला लागल्या. रागात वळलेल्या फारशा चांगल्या होत नाहीत.

पाचला पर्लिताच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. मबिनीत रात्रीचे बारा वाजले होते, टेबलावर पान्सित नूडल्स आणि हॅम मांडलेलं होतं, आणि तिची लेक जोव्हेलिन, नवरा रोदेल आणि दहाबारा नातेवाईक फोनमध्ये डोकी खुपसून ओरडत होते. खोका तीन दिवसांपूर्वी आला होता, पण नाताळच्या रात्रीच उघडायचा म्हणून कुणी हात लावला नव्हता. नुकताच उघडला होता. रोदेलने बूट पायात घातला होता आणि ओय ओय करत काढला होता.

"आई," जोव्हेलिन म्हणाली, "बुटात देव कोण पाठवतं? आजी रडतेय इथे. म्हणतेय, पर्लिताने इटलीहून आशीर्वाद पाठवला. आम्ही त्याला आपल्या गव्हाणीत ठेवलंसुद्धा. कान जरा मोठा आहे, पण गोड आहे."

पर्लिता हुंदके देऊन रडायला लागली. "फुटला नाही ना? नीट काढून ठेव. माझा नाही तो. परत पाठवायचाय."

"काय चाललंय?" सिन्योराने विचारलं. पर्लिताने सगळं सांगितलं. सिन्योराने फोन मागून घेतला आणि नाकाला लागेल इतका जवळ धरला.

"बाळाजवळ कोण उभी आहे?"

"माझी मुलगी. जोव्हेलिन."

"तू आमच्याकडे आलीस तेव्हा केवढी होती?"

"पाच वर्षांची."

सिन्योराने फोन पर्लिताच्या हातात दिला. "अत्तिलिओला तू लहान मुलासारखं भरवलंस," ती म्हणाली, "आणि तुझ्या मुलीला कोण भरवतंय, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. लोरेदाना, तू विचारलंस?"

लोरेदानाने नकारार्थी मान हलवली.

"मी त्यांना पार्सल करायला सांगते, सिन्योरा," पर्लिता घाईघाईने म्हणाली. "कापसात गुंडाळून."

"बाळं कुणी पोस्टाने पाठवतं का? तू जा आणि घेऊन ये."

"पण तुमच्याजवळ कोण राहील?"

मग लोरेदाना म्हणाली, "मी राहीन. रजा साचलीय माझी. मामा मला छळेल, पण राहीन." आणि पर्लिताकडे न बघता, हळू, "त्या दुसऱ्या बाईचंही चुकलंच माझं."

पर्लिताला या घराने पुष्कळ दिलं होतं, आणि ती ते मोजत कधी बसली नव्हती. पण हे मागायचं तिला एवढ्या वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं. तिने सिन्योराचा पिठाने माखलेला हात घेऊन, आपण मोठ्यांच्या पाया पडतो तसा तिच्या गावच्या रीतीने कपाळाला लावला.

"किती दिवस जाऊ?" तिने विचारलं.

"घाई काय आहे? तो आम्हाला पुढच्या चोवीस डिसेंबरलाच लागणार," सिन्योरा म्हणाली.

"मामा, मला नोकरी आहे," लोरेदाना म्हणाली. "दोन महिने."

फोनमधून जोव्हेलिन विचारत होती, आई, काय झालं, का रडतेस अजून. पर्लिता अजून डोळेच पुसत होती. तेव्हा लोरेदानाने फोन घेतला. जोव्हेलिनला इटालियन येत नव्हतं, आईने लहानपणी फोनवर शिकवलेले पाचदहा शब्द सोडले तर. लोरेदानाने त्यातलेच असतील असे निवडून, एकेक सावकाश, मोठ्याने म्हटले.

"मामा. घरी. जानेवारी."

जोव्हेलिनने फोन टेबलावर उपडा ठेवला. पडदा काळा झाला आणि नुसता तिचा आवाज ऐकू येत राहिला, सगळ्या घराला सांगणारा.