मास्कची अट

माझा थोरला भाऊ विलासदादा कपाशीवर फवारणी करून घरी आला. त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात तो वारला. त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या गेममध्ये तो जिंकला होता.

कंपन्यांच्या प्रचारासाठी मी गेम तयार करतो. इंटरॅक्टिव्ह म्हणतात त्याला. लोकांनी नुसतं बघायचं नाही, खेळायचं. हा गेम कीटकनाशकाच्या कंपनीसाठी होता. पंपात साधं पाणी. समोर प्लायवूडची गुडघाभर कपाशी, तिच्यावर बोंडअळ्या. फवारा नेमका लागला की सेन्सरमुळे अळी खाली पडायची आणि हॉर्न वाजायचा.

माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय पंप सुरूच होत नसे. ट्रायल बघून कंपनीचे मॅनेजर म्हणाले, "यात फार वेळ जातो. लोक कंटाळून निघून जातील. आणि जिंकणाऱ्याचा चेहराच झाकला तर फोटोत दाखवायचं काय?"

"पण सर, फवारणीला मास्क लागतोच."

"इथे पाणीच आहे ना?"

मी ती अट काढून टाकली.

घाटंजीच्या बाजारात गेम लावला, तेव्हा दादा मुद्दाम आला. "काहून रे बाबू, तुह्या खेळातली पऱ्हाटी गुडघ्याएवढीच? आमची त डोक्याच्या वर गेली."

"मागच्या लोकांना दिसलं पाहिजे, दादा."

"मंग उंदरायसाठी कर खेळ."

लोक हसले. त्याने पंप पाठीवर घेतला. वारा समोरून होता. साऱ्या अळ्या पाडेपर्यंत तो छातीपर्यंत भिजला. "विलासभाऊ, आंघोळ झाली काय?" कोणीतरी ओरडलं. मीही हसलो. बक्षीस म्हणून पंप मिळाला. तोच घेऊन तो पुढे शेतात गेला.

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाली, "म्या म्हटलं होतं, तोंडाले दुपट्टा तरी बांधा. त म्हणे, बाबूच्या खेळात कुठं होता?"

मास्क असता तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वाचला नसता, असंही म्हणाले नाहीत.

ढाणकीच्या कार्यक्रमाआधी मी मास्कची अट परत घातली. कंपनीने तो गेमच रद्द केला. गेममधून आपण जी पायरी वगळतो, तीही लोक शिकून जातात, एवढं मला कळलं.

दादाचा दुसरा चांगला फोटो घरात नव्हता. हार घातला आहे तो बक्षीस घेतानाच्या फोटोला. त्यातला मागचा कंपनीचा बॅनर आम्ही कापून टाकला. चेहरा स्पष्ट दिसतो.