हुंगा, जवाईबापू

मामाजींचा जगात कोणावर विश्वास नव्हता. मामाजी म्हणजे माझे सासरे. चिचगडला बहिणीकडे जायला निघाले की आधी एसटीची पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे आणि बसण्यापूर्वी पुढे जाऊन ड्रायव्हरलाही विचारायचे. "पाटी चिचगड म्हनते, कंडक्टर चिचगड म्हनते, पन गाडी तं तू चालवून राहिला ना?" बाजारात भेंडीचा शेंडा मोडून सगळेच पाहतात, मामाजी मोडलेली भेंडी विकणाऱ्या बाईलाच खायला लावायचे. नवं मडकं वाजवून, पाणी भरून, उन्हात धरून घ्यायचे आणि घरी आणल्यावरही दोन दिवस त्याच्याकडे तिरप्या नजरेनं पाहत राहायचे. कधी गळतं ते बघू, अशा थाटात.

अशा माणसानं चाळीस वर्षं ओढलेली बिडी सोडली, ही गोष्ट खरी. ती कशी सोडली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मात्र मी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

अर्जुनी मोरगावपासून थोड्या अंतरावर त्यांचं गाव. गावाचा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि तलावाच्या मातीच्या पाळीखाली त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. पाळीवर आंब्याखाली एक खाट असायची. मामाजींचा दिवस त्या खाटेवर, बिडीसोबत जायचा. खोकला वाढला तेव्हा माझी बायको कुंदा त्यांना ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून डाग दाखवले. मामाजींनी फोटो उलटासुलटा केला. "हा माझाच कायवरून? नाव तं कागदावर लिवलं हाये, छातीवर थोडीच लिवलं हाये!" मग डॉक्टरांच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "तुमी सोता पिता का?" डॉक्टर ओशाळून हसले. मामाजी बाहेर येऊन कुंदाला म्हणाले, "पिते तो. पन खरं बोलला वाटते."

गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी त्यांना युक्ती सांगितली. बिडीशिवाय महिना काढला की स्वतःलाच आवडीचं काहीतरी बक्षीस द्यायचं. मामाजींनी लगेच खोट काढली. "देनारा मी, घेनाराबी मीच. मंग चोरी पकडन कोन?" साक्षीदार हवा होता. त्यांनी घरातल्यांवर, शेजाऱ्यांवर, खुद्द आशाताईंवर नजर फिरवली आणि बोट माझ्यावर ठेवलं. "जवाईबापू. हा मानूस सुपारीबी खात नाई."

मी अर्जुनीच्या हायस्कुलात शिकवतो. तंबाखूविरोधी शपथ दरवर्षी मुलांना मीच देतो. हात पुढे करून, खड्या आवाजात. माझ्या खिशात वेलची असते. सरांच्या तोंडाला नेहमी वेलचीचा वास येतो, असं मुलं कौतुकानं म्हणतात. वेलची कशासाठी असते, हे कुणी विचारलं नाही. लग्न ठरताना कुंदानं एकच गोष्ट विचारली होती, "बिडी-सिगारेट?" मी नाही म्हणून मान हलवली होती. तेव्हापासून मी चोरून ओढत होतो. दूरच्या पानठेल्यावरून बिड्या घ्यायच्या, आणि रविवारी सासरी आलो की पाळीच्या मागच्या उतारावर बसून प्यायच्या. मामाजींच्या चाळीस वर्षांच्या धुरात माझा धूर कुणाला कळणार?

तर असा मी साक्षीदार झालो. महिना भरला की मामाजी मिशा पुसून माझ्यासमोर बसायचे, डोळे मिटायचे आणि तोंडावर फुंकर मारायचे. "हुंगा, जवाईबापू." मी हुंगायचो आणि "साफ आहे" म्हणायचो. खरं सांगायचं तर मला कधीच काही वास आला नाही. माझं नाक केव्हाच मेलं होतं. ते साफ होते हा त्यांचा गुण, माझी पारख नव्हती.

मग बक्षीस. पहिल्या महिन्याला चंदनाचा साबण होता. तो महिनाभर माझ्या कपाटात कुलपात ठेवायला दिला होता, कारण "माझ्याकडं ठेवलो तं आधीच घासन". तिसऱ्या महिन्याला मला घेऊन कोहमाऱ्याला गेले, धाब्यावर ट्रकवाल्यांच्या मधे बसून चार गुलाबजाम खाल्ले, पाचवा परत केला. "चार ठरलं होतं." सहाव्या महिन्याला त्यांचं नाक उघडलं. चुलीवरच्या भाताचा वास त्यांना अंगणात आला आणि ते लहान पोरासारखे स्वयंपाकघरात धावले. त्याच दिवशी त्यांनी वर्षाचं बक्षीस ठरवलं.

चिन्नोर. सुवासिक धान. पूर्वी तलावाखालच्या पहिल्या बांधीत ते चिन्नोर लावत. वास येईनासा झाला तेव्हा सोडलं. "जो वास मले येत नाई, तो लोकाइसाठी कायले पिकवू?" आता वर्ष पूर्ण झालं की मृगात चिन्नोर पेरायचं. त्यांनी कुठून कुठून बियाणं मिळवलं, प्रत्येक मूठ चोळून हुंगली आणि मडक्यात भरून ठेवलं. ते सहसा हसत नसत. त्या मडक्याजवळून जाताना मात्र हसायचे.

वर्ष भरायला पंधरा दिवस होते. ज्येष्ठाचं ऊन. रविवारी दुपारी मामाजी आंब्याखाली खाटेवर झोपले होते. उतारावर सावली नव्हती, म्हणून मी त्यांच्या उशाशीच जमिनीवर बसून बिडी पेटवली. एरवी थोटूक तलावात फेकायचो. त्या दिवशी कुंदा जेवण घेऊन पाळीवर चढताना दिसली. मी बिडी खाटेच्या पायाशी विझवली, वेलची तोंडात टाकली आणि नुकताच आल्यासारखा उभा राहिलो.

तिनं आधी वास घेतला. मग थोटूक पाहिलं. डबा खाली ठेवून ओरडली, "बाबा! तुमी पेले?"

मामाजी दचकून उठले. थोटकाकडे पाहिलं. स्वतःची बोटं हुंगली, दुपट्टा हुंगला, मिशी ओढून हुंगली. मिशीत वास होता. माझाच धूर होता तो. ते माझ्याकडे वळले, डोळे मिटले आणि फुंकर मारली.

"हुंगा, जवाईबापू."

त्या क्षणी मी बोलू शकलो असतो. कुंदा माझ्याकडे बघत होती. मला तिचा लग्नाआधीचा प्रश्न आठवला आणि मी म्हणालो, "थोडा येतो."

मामाजी भांडले नाहीत. मडक्यावर, एसटीवर, डॉक्टरवर संशय घेणाऱ्या माणसानं माझे दोन शब्द तसेच खरे मानले. म्हणाले, "मंग पेलो असन मी. झोपेत पेलो असन. चाळीस वर्सांचा हात, त्याचा काय भरोसा?" कुंदा डोळे पुसत घरी गेली. जेवणाचा डबा तसाच राहिला.

चिन्नोरचं मडकं त्यांनी शेजारच्या डोमाजीला देऊन टाकलं. आपल्या बांधीत साधं धान लावलं आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागले. आणि एक नवीन गोष्ट सुरू केली. दुपारी झोपताना उजवा हात दुपट्ट्यानं खाटेला बांधून घ्यायचे. रविवारी हे काम माझ्याकडे यायचं. "तुमी बांधा. मी बांधलो तं मीच सोडन." मी बांधायचो. "घट," ते म्हणायचे, "आखीन घट." गावातली माणसं पाळीवरून जाताना थट्टा करायची, "काऊन गा पाटील, खाट पळून जाते का?" मामाजी स्वतःच्या हाताकडे बघत पडून राहायचे, नव्या मडक्याकडे बघायचे तसे, तिरप्या नजरेनं. आणि मी? मी तेव्हाही पीतच होतो. फक्त पाळीवर नाही.

फाल्गुनात ते अंथरुणाला खिळले. छातीचंच होतं. नऊ महिने पुन्हा साफ गेले होते. एका सकाळी कुंदा पाणी आणायला गेली तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "मामाजी, ती बिडी माझी होती. मीच प्यायलो. तुमच्या तोंडाला वास नव्हता."

त्यांनी डोळे उघडले. भेंडीवालीकडे बघायचे ती नजर पहिल्यांदा माझ्यावर आली. बराच वेळ बघितलं आणि हळू म्हणाले, "खोटं बोलून राहिले तुमी. मराच्या वक्ती माझं मन राखून राहिले. नका करू, बापू. तुमाले खोटं जमत नाई."

मी शपथ घेतली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ज्या माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता, त्याच्यावर त्यांनी एकदाच घेतला, आणि तोही त्याच्या एकमेव खऱ्या वाक्यावर. चार दिवसांनी ते गेले. शेवटच्या दुपारीही त्यांनी हात पुढे केला होता, बांधायला. मी नुसता धरून बसलो.

तेरवी झाल्यावर मी कुंदाला सांगितलं. तिनं लगेच विश्वास ठेवला. रडली नाही, भांडली नाही. फक्त खाटेला लोंबणारा दुपट्टा सोडला, धुतला आणि तो कुठे ठेवला ते मला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी पीत नाही. वर्ष झालं, वर काही महिने झाले. स्वतःला बक्षीस काही दिलं नाही. द्यावं असं वाटलं नाही. पण यंदा डोमाजीकडून मूठभर बियाणं मागून आणलं आणि पहिल्या बांधीत चिन्नोर लावलं. धान फुलोऱ्यावर आलं तेव्हा परवा सकाळी कुंदा आणि मी पाळीवर उभे होतो. खालून वारा आला, आणि कित्येक वर्षांनी माझ्या नाकाला काहीतरी लागलं. गोड, कोवळं, दुधाळ.

"कुंदा, वास येतो," मी म्हणालो.

तिनं वळून पाहिलं. हुबेहूब बापाची नजर.

"त्या दिवशीबी तुमी हेच म्हनले होते," ती म्हणाली आणि बांधीकडे बघत राहिली.