गरम गाडी आणि विहिरीचा उतार

सन १९६८, एप्रिल महिना, सोमवार. जागा मोताळ्याजवळच्या आमच्या मळ्याचे आवार. हजर: थोरला भाऊ, ज्याला घरात आणि बाहेर सगळे दादा म्हणत, त्या वर्षी नवीन लागलेला शेगावकडचा ड्रायव्हर, मोताळ्याचा मिस्त्री, आणि मी.

काम एकच होते. आमचा जुना डिझेल ट्रक सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होई, पण एकदा गरम झाल्यावर बंद केला की उठत नसे. इंजिन पुरते निवले की काहीच घडले नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. तोवर मागची वांगी-काकडी उन्हात मऊ पडलेली असत आणि मलकापूरचा बाजार उठत आलेला असे.

ट्रकच्या फेऱ्या आणि दुरुस्ती माझ्याकडे होती, बोलणे दादाकडे. आदल्या बाजारी तो फार बोलून बसला होता. ड्रायव्हर बाजारात इंजिन बंद करायला तयार नसे, कारण ते पुन्हा उठणार नाही हे त्याला ठाऊक होते. दादाच्या डोक्यात वेगळेच बसले: गाडी चालू ठेवायचे निमित्त करून हा माणूस डिझेल काढून विकतो. चहाच्या दुकानासमोर, हमाल आणि दोन व्यापारी ऐकत असताना, त्याने ड्रायव्हरला चोर म्हटले. मी मध्ये पडलो तेव्हा एवढेच ठरले की सोमवारी गाडी तपासायची, आणि खोट सापडली नाही तर ड्रायव्हरने किल्ली ठेवून गावी जायचे.

“सकाळी एका सेल्फात उठते अन् दुपारी उठत नाही,” दादा मिस्त्रीला सांगत होता. “गाडी का माणूस हाये, जेवण झालं का पडाले?”

मिस्त्री हसला. ड्रायव्हर हसला नाही.

मी आधीच सांगून ठेवले होते की एका वेळी एकच गोष्ट करायची. हिवाळ्यापासून ज्याने जे सुचवले ते सगळे एकदम बदलून झाले होते, आणि कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्या धरसोडीचा मला कंटाळा आला होता. ड्रायव्हरने रिकामी गाडी मलकापूरपर्यंत नेऊन परत आणली, फाटकाजवळच्या नव्या शेडपाशी लावली आणि बंद केली. चहा झाला. मग सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरले, पण पकडले नाही.

जोरात फिरले म्हणजे बॅटरी आणि सेल्फ यांचा दोष नाही, ते खोडले. मिस्त्रीने मागे जाऊन सायलेन्सरपाशी हात धरला. धूर नव्हता. म्हणजे डिझेल आत पोचतच नव्हते. मग नळीत हवा शिरते का ते पाहिले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताने डिझेल चढवले, तर ते स्वच्छ आले, एक बुडबुडा नाही. फिल्टर त्याच महिन्यात बदललेला होता. राहिला इंजिनाच्या कुशीतला पंप, जो नोझलकडे डिझेल दाबून पाठवतो.

मिस्त्रीने तरट मागितले. हौदात भिजवून, पिळून ते त्याने पंपाभोवती गुंडाळले. बाकी कशालाही हात लावायचा नाही, असे मी पुन्हा बजावले. तरट वाळत आले की तो वरून थोडे पाणी शिंपडी. दादा खाटेवर बसून पाहत होता. ड्रायव्हर आपल्या जागेवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. पंप हाताला गार लागू लागल्यावर मिस्त्रीने मान हलवली. सेल्फ मारला आणि इंजिन सुरू झाले. बाकीचे इंजिन तेव्हाही तापलेलेच होते.

“डिझेल गरम झालं का पातळ पडते,” मिस्त्री म्हणाला. “पंपातले दांडे घासले. बाजूनं गळते, दाब भरत नाही. याले अकोल्याले न्या लागते.”

“मंग जुन्या डायवरच्या हाती काऊन नाही नडली?” दादाने विचारले. “गाडी हेच, पंप हाच.”

“थो कुठी उभी करे?” मिस्त्रीने विचारले.

दादाने विहिरीकडे हात केला आणि हात तसाच राहिला. विहिरीचा भराव उंच आहे. तिथून फाटकापर्यंत सरळ उतार. जुना ड्रायव्हर घाटावरचा. त्याने सपाटीला कधी गाडी लावली नाही. चहाही तो उतारावरच्याच दुकानात पिई. निघताना गाडी उतारावर सोडायची, वेग आला की गियरात टाकायची. सेल्फपेक्षा इंजिन जोरात फिरे आणि घासलेल्या पंपालाही दाब भरता येई. घाटावरचे सगळेच असे करतात, म्हणून आम्हाला त्यात काही दिसले नाही. त्या हिवाळ्यात दादाने सपाटीवर शेड बांधली आणि गाडी तिथेच लागली पाहिजे म्हणून सांगितले. नवा ड्रायव्हर सपाट मुलखातला. जिथे सांगितले तिथे लावत होता.

“मंग पंप खोला,” दादा म्हणाला आणि जेवायला उठला.

ड्रायव्हर खाली उतरला. मी त्याला म्हटले, आता तुमचे काम पक्के, मनात काही ठेवू नका. तो तरट घडी घालत होता.

“पंपाचं झालं, भाऊ,” तो म्हणाला. “माह्यं राह्यलं. दादानं चौघात म्हटलं, तर चौघातच एक डाव सांगा म्हना त्याईले, का मी चोर नाई. मले दुसरं काई नाई पायजे.”

ते मी त्याच संध्याकाळी दादाला सांगितले. तो म्हणाला, “कामावर ठेवलं ना त्याले? आता का पाया पडू?” दुसऱ्या दिवशी म्हणाला, पुढच्या बाजारी बघू. पंप अकोल्याला गेला, दुरुस्त होऊन आला, आणि गाडी भर दुपारी सपाटीवर उठू लागली. ड्रायव्हरने तो हंगाम नीट काढला. पावसाळा संपल्यावर त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि गेला. हल्ली तो दुसऱ्याची गाडी चालवतो. मलकापूरला भेटला की भाजीचे विचारतो, घरच्यांचे विचारतो, दादाचे विचारत नाही.

त्या दुकानासमोर हमाल तेच आहेत. दोघांपैकी एक व्यापारी अजून तिथे बसतो. त्यांना मी सांगून पाहिले. ते ऐकून घेतात आणि दादाकडे बघतात. दादा चहा पितो. दर बाजारी निघताना मी त्याला आठवण करतो, आता नुसती सवय म्हणून. ते त्याने सांगायचे अजून राहिलेले आहे.