नियोलेचं धुराडं

आमच्या मोंसेल गावातून माणसं जातात, येत कोणी नाही. त्यामुळे नियोले माझ्या समोरचं पडकं घर घेऊन राहायला आली तेव्हा सगळ्या गावाने कान टवकारले. आठवडाभरात जेवढं कळायचं तेवढं कळलं. बाई लिथुआनियाची, साठीला टेकलेली, नवरा नाही. दिजों शहरात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची, आता कपडे उसवून-शिवून देणार. पण इथेच का आली, हे मात्र कोणालाच कळेना. मी सरळ विचारलं, तर म्हणाली, "घर आवडलं, मादाम." त्या घरात आवडण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. अर्धं छप्पर तर उडालेलं होतं.

मग थंडी आली आणि खरं कोडं सुरू झालं. नोव्हेंबर लागला की आमच्याकडे घरोघरी धुराडी धूर ओकायला लागतात. नियोलेच्या धुराड्यातून मात्र काहीच निघेना. डिसेंबर गेला, बर्फ पडलं, नळ गोठले, तरी धूर नाही.

"थंड देशातली बाई ती, तिला कसली थंडी!" बेकरीवाली तेरेझ म्हणाली.

"ती इथे झोपतच नाही," फेर्नांने निकाल देऊन टाकला. "दिजोंला कोणीतरी आहे तिचं. रात्री तिकडे जाते."

फेर्नां पालिकेच्या जंगलाचं बघतो आणि अख्खं गाव आपलंच आहे अशा थाटात फिरतो. मी त्याच्याबरोबर शाळेत होते, तेव्हापासून त्याचं हे असंच.

"मी समोर राहते, फेर्नां. ती कुठे जात नाही."

"तू काय रात्रभर खिडकीत उभी असतेस?"

असते कधीकधी. माझा नवरा एमिल गेल्यापासून मला झोप कमी लागते आणि खिडकीतून बघायला पैसे पडत नाहीत.

बाई मात्र गावात दुधात साखरेसारखी मिसळली. सकाळी बेकरीत, भट्टीच्या भिंतीशी स्टूल घेऊन बसायची. तेरेझचे फाटके अ‍ॅप्रन फुकटात शिवून द्यायची आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून फ्रेंच सुधारायची. मग वाचनालयात. आणि दुपारी माझ्याकडे. शिवणाची टोपली घेऊन यायची, माझ्या लोखंडी चुलीजवळची खुर्ची ओढायची आणि अंधार पडेपर्यंत हलायची नाही. मी बडबड करायची, ती टाके घालायची. माझं फेर्नांबद्दलचं सगळं तिनं ऐकून घेतलं, एमिलबद्दलचंही. मधूनच डोकं वर करून विचारायची, "मग? पुढे काय झालं?" माझ्या सख्ख्या मुलाने हा प्रश्न मला कित्येक वर्षांत विचारलेला नाही. दुपार झाली की मी कॉफीचं भांडं चढवायची आणि दाराकडे बघत बसायची. सांगायला लाज कसली, मला तिची सवय लागली होती.

दुसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडावर जंगलाच्या लाकडांची सभा भरली. ही आमची जुनी रीत आहे. पालिकेच्या जंगलातलं लाकूड घरटी एक वाटा असं मिळतं, चिठ्ठी काढून. आपल्या वाट्याची झाडं आपणच तोडायची. अट एकच, चूल गावात पेटती हवी. उन्हाळ्यापुरते येऊन जाणाऱ्यांना त्यात जागा नाही. कोणाला वाटा द्यायचा हे गावाने नेमलेली तीन माणसं ठरवतात. त्या वर्षी फेर्नां, तेरेझ आणि एमिलच्या जागी मी, असे तिघे होतो.

नियोलेनं नाव दिलं होतं. नाव पुकारल्यावर ती मागच्या बाकावरून उठली.

"हिची चूल गावात नाही," फेर्नां म्हणाला. "गेला अख्खा हिवाळा मी बघतोय. धूर कुठाय?"

"लाकूड नव्हतं," नियोले म्हणाली. "म्हणून धूर नव्हता."

"मग विकत घ्यायचं होतं!"

"सगळे पैसे छपराला लागले, मस्यू."

तेरेझ पुटपुटली, "अगं बाई... म्हणजे तू रोज भट्टीला चिकटून बसायचीस ती..."

"हो. तिथे फार छान ऊब असते."

लोक हसले. तेरेझही हसली आणि हात वर करून म्हणाली, "माझ्याकडून हिला वाटा."

मला मात्र हसू आलं नाही. बेकरी भट्टीसाठी. वाचनालय तिथल्या गरम नळ्यांसाठी. आणि मी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मी समजत होते की ही बाई माझ्यासाठी येते, आणि ती येत होती एमिलने बसवलेल्या चुलीसाठी!

"माझी ना आहे," फेर्नां म्हणाला. "धूर नाही, वाटा नाही. सोलांज, आता तुझ्यावर आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, त्या क्षणी न्यायबिय काही माझ्या मनात नव्हतं. हिला लाकडं मिळाली की हिची चूल पेटणार, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात कोण येऊन बसणार? नुसतं 'ना' म्हटलं असतं तर ती उद्या दुपारी आली असती, परवाही आली असती. जाणार कुठे?

"आधी एक सांग," मी भर सभेत तिला विचारलं. "माझ्याकडे तू चुलीसाठी येत होतीस का?"

नियोले लाल झाली. पण खोटं बोलली नाही. "हो, मादाम. पहिल्यांदा चुलीसाठीच."

"आणि नंतर?"

तिनं जरा आश्चर्यानेच माझ्याकडे बघितलं. "जूनमध्ये तुमची चूल कुठे पेटलेली होती?"

जूनमध्ये आम्ही दोघी परसात, सावलीला खुर्च्या टाकून मटारच्या शेंगा सोलत बसायचो. जुलैतही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा हात वर गेला. आपण किती मूर्ख आहोत हे कळलं की माणसाला रडू येतं, ते मी नाक शिंकरून दडवलं.

चिठ्ठीत तिला चढावरची झाडं आली. फेर्नां खूश होऊन म्हणाला, "तोडा, रचा आणि दोन वर्षं वाळवा. ओलं लाकूड पेटत नाही, माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणजे अजून दोन हिवाळे ती माझ्या चुलीशी बसणार होती, आणि त्यासाठी मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. पण माझ्या खोपीत एमिलने रचलेली सुकी लाकडं छपरापर्यंत होती, आणि माझं तोंड आयुष्यात कधी बंद राहिलेलं नाही.

"माझी सुकी घेऊन जा," मी म्हणाले. "तुझी वाळली की परत दे."

रविवारी समोरच्या धुराड्यातून धूर निघाला. चांगला जाड, फेर्नांला त्याच्या घरातून दिसेल असा. दुपार झाली. मी कॉफी चढवली. कोणी आलं नाही. कॉफी उकळून कडू झाली, तरी कोणी आलं नाही. झालं, मी मनाशी म्हटलं, मिळाली तिला तिची चूल, आता ती कशाला येते? मी पडदा ओढून घेतला आणि फरशी पुसायला काढली. ती सकाळीच पुसलेली होती.

तेवढ्यात दार वाजलं. नियोले उभी होती, हाताला पीठ, गाल तापलेले.

"मादाम सोलांज, असं काय करता? मी कधीची वाट बघतेय! बटाट्याच्या पोळ्या निवायला लागल्या."

"मला काय माहीत? बोलावलंस का?"

"मी इतके दिवस आले, तेव्हा तुम्ही मला बोलावलं होतं?" ती म्हणाली. मग घुटमळली. "फक्त माझ्याकडे खुर्ची एकच आहे. तुमची घेऊन याल?"

मी चुलीजवळची खुर्ची उचलली आणि रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले. ती खुर्ची अजून तिच्याकडेच आहे.